जुनं लॉन मोअर दहा मिनिटांत बंद पडतं. इंजिनवाले, जरा इकडे या!

अंगणातली | १० मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. या विभागात मिक्सरच्या कपलरपासून विहिरीवरच्या मोटरपर्यंत सगळं दुरुस्त होताना पाहिलंय, म्हणून धीर करून विचारतेय.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेरच्या बाजूला राहतो. घरामागे पाव एकराच्या आतबाहेर हिरवळ आहे. मे महिन्यात इथे गवताला नुसता ऊत येतो. शनिवारी कापावं तर बुधवारी पुन्हा घोट्यापर्यंत. फारच वाढू दिलं तर नगरपालिकेची चिठ्ठी दाराला लागते, ती लाज वेगळीच.

यंत्र म्हणजे हाताने ढकलायचं साधं मोअर. दोन घरं पलीकडच्या आजोबांनी मागच्या उन्हाळ्यात गराज सेलमध्ये पंधरा डॉलरला दिलं. त्यावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं साडेतीन हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. मागचा हंगाम बिनतक्रार गेला. थंडीत गराजमध्ये उभं होतं.

आता दुखणं असं: दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतं. पहिली पाच-सहा मिनिटं ठणठणीत. मग आवाज वर-खाली, वर-खाली व्हायला लागतो, लहान मूल हुंदके देतं तसा. दहा-बारा मिनिटांत बंद. वीस मिनिटं सावलीत उभं केलं की पुन्हा सुरू होतं, आणि पुन्हा तेच.

आतापर्यंत केलेलं: नवा प्लग, नवं ऑइल, पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल, एअर फिल्टरचा स्पंज धुतला. फरक शून्य.

नवरा म्हणतो, बॅटरीवालं घे आणि विषय संपव. पण माझे आजोबा वाळवा तालुक्यातले. विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून वेढायचा नाही, नाहीतर उलटा झटका बसला की मोडतो, हे त्यांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. इतक्यात हार मानवत नाही.

टपरीवरचा | १० मे, रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवतो. चहा सांगा.

बॅटरी_हाच_धर्म | १० मे, रात्री १०.१५

ताई, नवऱ्याचं ऐका. आमच्या कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून नवीन पेट्रोल मोअरच्या विक्रीवर गदा आली आहे. प्लग नाही, ऑइल नाही, दोरी नाही. बटण दाबलं की सुरू. शेजारीही दुवा देतात.

उत्तरध्रुव | १० मे, रात्री १०.४८

बॅटरीचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या, तिथे मीही येतो भांडायला.

अंगणातली, मी मिनेसोटात आहे. अशी तीन इंजिनं खोलून बसलोय, त्यातली दोन चालू आहेत. आधी इंजिनावरचे नंबर सांगा. वरच्या पत्र्याच्या टोपावर, दोरीच्या बाजूला, तीन गट ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे साल, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. मॉडेलच्या सुरुवातीचा आकडा किती घन इंचाचं इंजिन ते सांगतो.

आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणारा भाग, कुठे आहे तेही बघा. थेट पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर बसलेला आहे, की टाकी एकीकडे आणि मधे रबरी नळी? यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

नळीफुंकणी | ११ मे, सकाळी ७.०५

हा हा, अगदी आमची चेतक! बंद पडली की डावीकडे आडवी करायची, दहा सेकंद, सरळ, किक. कचरा असणार कार्बोरेटरमध्ये. प्लग पॉलिश पेपरने घासा, नळी काढून तोंडाने ओढा, सगळं साफ होतं.

इंजिनबाबा | ११ मे, सकाळी ७.३०

तोंडाने पेट्रोल ओढायचा सल्ला इथे कुणी देऊ नका. माझ्या दुकानातल्या एका पोराच्या घशाखाली गेलं होतं. दोन दिवस सिव्हिलमध्ये काढले त्याने. आणि हे मोअर चेतकसारखं आडवं करायचं नसतं. केलंच तर प्लगची बाजू वर ठेवून, नाहीतर ऑइल सरळ एअर फिल्टरमध्ये.

ताई, मी सांगलीचा. तीस वर्षं पंपसेट, स्प्रे पंप आणि जनरेटर हेच करतोय. तुमचं मोअर मी पाहिलेलं नाही, पण पेट्रोल इंजिन सगळीकडे सारखंच. त्याला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी, दाब. दुसऱ्या ओढीला सुरू होतंय म्हणजे दाब आहे. उरल्या दोन. यातली नेमकी कुठली जाते, ते बंद पडतानाच कळतं, नंतर नाही. म्हणून सामान बदलायचं थांबवा. आधी हे सांगा:

बंद पडताना कसं पडतं? दिव्याचं बटण बंद केल्यासारखं एकदम, की तेल संपलेल्या समईसारखं फडफडत?

बंद पडल्याबरोबर प्लग काढून टोक बघा. कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, जळत नाही. चटका बसेल, फडकं घ्या.

काजूबागवाला | ११ मे, सकाळी ८.१०

आमच्याकडे लांज्याला बेणणीच्या दिवसांत ग्रास कटर असाच छळायचा. पंधरा मिनिटं चालणार आणि ठप्प. मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला, पैसेही दोनदा घेतले. शेवटी आमच्या गड्याने टाकीचं झाकण सैल केलं तर 'स्स्स' करून हवा आत गेली. झाकणाच्या बारीक भोकात गवताचं बी अडकलेलं! पेट्रोल उतरतं, त्याच्या जागी हवा जायला वाट नाही, मग ते खाली येणारच कसं? फुकटात होणारी तपासणी आहे, आधी ती करा.

अंगणातली | ११ मे, सायंकाळी ६.२०

सगळ्यांचे आभार. मी धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर आहे, त्यामुळे आज दिवसभर वही घेऊन मोअरमागे फिरले. शेजारच्या आजोबांना वाटलं मी गवताचा अभ्यास करतेय.

@उत्तरध्रुव, कोड ८९०४ पासून सुरू होतो. म्हणजे एप्रिल १९८९, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटं. मॉडेल ९ पासून. कार्बोरेटर टाकीच्या थेट डोक्यावर, मधे नळी नाही.

@काजूबागवाला, झाकण सैल ठेवून चालवलं. काहीच फरक नाही.

@इंजिनबाबा, कालपासून आठ वेळा बंद पडलं. सहा वेळा समईसारखं. आधी हुंदके, मग दम लागल्यासारखं, मग शांत. त्यातल्या तीनदा लगेच प्लग काढला, तिन्ही वेळा कोरडा ठणठणीत. उरलेल्या दोन वेळा मात्र एकदम, टक्कन. तेव्हा मी प्लग पाहिला नाही, कारण लगेच दोरी ओढली आणि ते सुरूही झालं.

वेळा लिहिल्या आहेत: ११ मिनिटं, १२, १०, ११. मधे वीसेक मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, इंजिन निवलं की टाकी काठोकाठ भरायची आणि पुन्हा. फक्त एकदा आईचा फोन आला, तेव्हा पाऊण तास उभं राहिलं होतं. चांगलं गार झालं होतं. पण फोन ठेवून तसंच सुरू केलं तर मिनिटभरातच आचके देऊन बंद.

इंजिनबाबा | ११ मे, रात्री ९.०२ (तुमची सकाळ)

फोन आला तेव्हा टाकी भरली नव्हती ना?

अंगणातली | ११ मे, सकाळी ११.४०

नाही. फोनच्या नादात राहून गेलं.

(वरच्या वेळा उलट्यापालट्या दिसतायत. प्रतिसाद संपादित करताना माझ्याकडून घोळ झालाय, सांभाळून घ्या.)

टपरीवरचा | ११ मे, रात्री ९.३०

घड्याळ मागे चाललंय, इंजिन पुढे जात नाही. झकास धागा.

इंजिनबाबा | ११ मे, रात्री ९.४५

ताई, मग तुमचं उत्तर तुमच्याच वहीत आहे. इंजिन निवलं म्हणून सुरू होत नव्हतं. टाकी भरली म्हणून सुरू होत होतं. पाऊण तास गार होऊनही भरल्याशिवाय चाललं नाही, बघा. टाकी काठोकाठ असेतो ठीक, पेट्रोल बोटभर उतरलं की उपाशी. वर चढवणारं काहीतरी दमलंय.

या कार्बोरेटरच्या पोटात काय असतं ते उत्तरध्रुव सांगतील. मी या जातीचा उघडलेला नाही, उगाच ठोकून देत नाही.

उत्तरध्रुव | ११ मे, रात्री १०.३०

बाबा, साष्टांग. मी इतक्यात 'गरम झाल्यावर कॉइल जाते' असं लिहायला बसलो होतो, आणि ताईंना विनाकारण खर्चात पाडलं असतं. कॉइल म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग. ती तापून जाण्याचं दुखणं खरंच असतं. पण त्यात प्लग ओला मिळतो आणि गार झाल्यावर टाकी न भरताही सुरू होतं. इथे दोन्ही उलट.

टाकीच्या डोक्यावर बसणाऱ्या या कार्बोरेटरला पल्सा-जेट म्हणतात. फार हुशार रचना आहे. त्यात तरंगणारा फ्लोट नाही, सुई नाही. टाकीच्या माथ्यावरच एक छोटी वाटी घडवलेली असते. कार्बोरेटरमधून दोन नळ्या खाली जातात. लांब नळी टाकीच्या तळापर्यंत, आखूड नळी फक्त त्या वाटीत. आणि टाकी व कार्बोरेटर यांच्या मधे असतो एक पातळ डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, त्याच्या एका बाजूला इवलीशी स्प्रिंग.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती ओढ डायफ्रामपर्यंत पोचते आणि तो तिकडे खेचला जातो. ओढ सुटली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. झाला भाता तयार! लोहाराचा असतो तसाच, फक्त तळहातात मावणारा. हा भाता लांब नळीने तळातलं पेट्रोल उपसून वाटीत ओतत राहतो, आणि इंजिन आखूड नळीने वाटीतलं पितं. टाकी भरलेली असो वा तळाला लागलेली, वाटी कायम भरलेली, म्हणून मिश्रण कायम सारखं. सगळी करामत त्यासाठीच.

आता तो डायफ्राम कडक झाला किंवा सुरकुतला तर? उपसा कमी पडतो. टाकी काठोकाठ असताना पेट्रोल जेमतेम वर येतं, म्हणून इंजिन चालतं. पातळी उतरली की वाटी रिकामी पडायला लागते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. वेग पडला की गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) थ्रॉटल, म्हणजे मिश्रण आत सोडणारी झडप, उघडतो, क्षणभर उसळी येते, पुन्हा पडतो. तुमचे 'हुंदके' ते हेच. खात्री करायची असेल तर हुंदके सुरू झाल्यावर चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, अर्धा लावून बघा. आवाज सरळ झाला तर पेट्रोलच कमी पडतंय.

डायफ्राम आणि पॅकिंगचा जोड अजूनही मिळतो. मॉडेल नंबर घेऊन गेलात की दुकानदार बरोबर तोच काढून देईल. पस्तीस वर्षांच्या यंत्राचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणं, याला मी तरी कौतुकच म्हणतो.

अंगणातली | १२ मे, सायंकाळी ७.१५

अर्धा चोक लावला आणि हुंदके थांबले! पाच मिनिटं एकसुरात चाललं. शनिवारी खोलते.

काजूबागवाला | १२ मे, रात्री

खोलताना जाळ्याही बघा. लांब नळीच्या टोकाला बारीक जाळी असेल, तिच्यात चिकट पिवळा राळ बसतो. आमच्याकडे तर आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. चार महिने उभ्या राहिलेल्या ग्रास कटरच्या टाकीत तळाला पाणी वेगळं दिसतं.

उत्तरध्रुव | १३ मे

इथे साधारण दहा टक्के असतं. पंधरा टक्क्यांचंही काही पंपांवर मिळतं, पण मोअरसारख्या छोट्या इंजिनांत ते घालायला कायद्यानेच मनाई आहे. पंपावरची चिठ्ठी वाचून भरा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओल पुरेशी झाली की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. जुनं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटं ठेवलं तरी कळतं.

ताई, थंडीत टाकी रिकामी केली होती का? खरं सांगा.

अंगणातली | १३ मे

नाही. अर्धी होती. आणि त्यातच ताजं ओतलं. मारा आता.

इंजिनबाबा | १३ मे

मारत नाही. आमच्याकडे फवारणी झाली की शेतकरी पंप तसाच खुंटीला टांगतो, तो थेट पुढच्या मोसमात माझ्याकडे येतो. माझं घर त्यावरच चालतं.

खोलण्याआधी तीन कामं. एक, प्लगची टोपी काढून लांब बांधून ठेवा. पातं हाताने फिरलं तरी इंजिन एखादा झटका देऊ शकतं. दोन, प्रत्येक स्प्रिंग आणि तार कुठल्या भोकात आहे त्याचा मोबाईलवर फोटो. एका पत्तीला चार भोकं असतात, चुकीच्या भोकात घातली की इंजिन बोंबलत सुटतं. तीन, डायफ्राम वर होता की पॅकिंग वर, याचा वेगळा फोटो. इथेच निम्मे लोक चुकतात. आणि भोकं साफ करायला सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं होतं. स्प्रे मारा, हवा मारा. फारच अडलं तर मासे धरायची नायलॉनची दोरी.

अंगणातली | १७ मे, रात्री १०.३०

झालं! सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

टाकी आणि कार्बोरेटर एकत्रच निघतात. दोन बोल्ट, एक गव्हर्नरची तार, आणि हवेच्या पाइपातून हलकेच ओढून काढायचं. गव्हर्नरची स्प्रिंग केसासारखी आहे. ती ताणली जाऊ नये म्हणून श्वास रोखून काम केलं. टाकीतलं पेट्रोल बरणीत ओतलं. रंग काळ्या चहासारखा, वास वॉर्निशचा. तळाला खरंच एक थर वेगळा झालेला, आणि त्यात हलवलं की भोवऱ्यासारखी फिरणारी गंजाची पूड.

मग कार्बोरेटरचे स्क्रू काढून तो टाकीवरून उचलला. डायफ्राम! तो मऊ आणि सपाट असायला हवा म्हणे. माझा वाळलेल्या आमसुलासारखा. वाकवला तर वाकायच्या ऐवजी कुरकुरला. लांब नळीच्या जाळीचा अर्धा भाग राळेने लिंपलेला.

त्यातच ती इवलीशी स्प्रिंग टुणकन उडाली. गराजमध्ये वॉशिंग मशीन आणि ड्रायर शेजारी शेजारी आहेत. ड्रायरखाली टॉर्च मारत पालथी पडले. स्प्रिंग मिळाली, शिवाय तीन मोजे आणि मुलाचा हरवलेला बुद्धिबळातला उंट. 'बघ, बॅटरीवाल्यात स्प्रिंग नसते' असं नवरा वरून म्हणत होता, पण टॉर्च त्यानेच धरला होता.

टाकीच्या माथ्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवून उजेडासमोर धरली. उत्तरध्रुव यांनी निरोपातून सांगितलं होतं की तो माथाच वाकलेला असेल तर नवा डायफ्रामही हवा सोडतो. फट दिसली नाही. टाकी धुऊन वाळवली, नवा डायफ्राम, नवं पॅकिंग, फोटो बघून जोडणी. स्क्रू एकदम न आवळता थोडे थोडे, समोरासमोरचे. प्लगची फट मापली, ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलीमीटर. स्पंजाला ऑइलचा हात देऊन पिळून बसवला. धुतल्यावर ऑइल लावायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. कोरड्या स्पंजातून धूळ सरळ आत जाते.

चार ओढी मोकळ्या गेल्या. पाचवीला लागलं, आणि काय सांगू, आवाज सरळ रेषेत! टाकी अर्ध्याखाली गेली तरी तोच सूर. पंचवीस मिनिटं चाललं.

आणि पंचविसाव्या मिनिटाला टक्कन बंद. 😶

टपरीवरचा | १७ मे, रात्री १०.४१

मध्यंतर.

बॅटरी_हाच_धर्म | १७ मे, रात्री ११.००

मी काही बोलत नाही.

उत्तरध्रुव | १७ मे, रात्री ११.२०

टक्कन म्हणजे ठिणगी. तुमच्या आठांतली ती दोन 'टक्कन' वेगळ्या दुखण्याची होती तर. कुठल्या बुंध्यावर पातं आपटलं होतं का कधी? फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, जागेवर धरणारी चावी मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची असते. पातं अडकलं की इंजिनाऐवजी ती कापली जावी म्हणून. अर्धवट कापली गेली तर ठिणगीची वेळ चुकते.

इंजिनबाबा | १८ मे, सकाळी ७.१५

चावी गेली असती तर दोरीला उलटा झटका बसला असता आणि सुरू व्हायलाच रडवलं असतं. ताई, बंद पडल्यावर लगेच सुरू होतं ना? मग चावी नाही, कॉइलही नाही. तापलेली कॉइल दहा सेकंदांत बरी होत नाही.

ते टक्कन कुठे पडतं ते सांगा. केव्हा नाही, कुठे.

अंगणातली | १८ मे, सकाळी

बाबा, अंगावर काटा आला. वही उघडली. मी मिनिटं लिहिली होती, आणि समासात सहज 'मेपलजवळ' असं लिहिलं होतं. दोन्ही वेळा. काल तिसऱ्यांदा, तेही तिथेच. त्या झाडाची मुळं जमिनीवर आली आहेत. तिथे हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलून न्यावं लागतं.

उत्तरध्रुव | १८ मे

सापडलं! हँडलवरची ती दांडी, जी धरून ठेवली नाही तर मोअर बंद पडतं. १९८२ पासून अमेरिकेत ढकलायच्या मोअरला हे बंधनकारक आहे: हात सुटला की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. दांडीपासून केबल इंजिनापर्यंत जाते. दांडी सोडली की दोन गोष्टी होतात. फ्लायव्हीलवर ब्रेक लागतो, आणि कॉइलची एक वायर बॉडीला टेकून ठिणगी मरते. केबल सैल असेल तर दांडी पूर्ण धरूनही ब्रेकची पत्ती जेमतेम सुटलेली असते. धक्का बसला की पत्ती हलते, वायर टेकते, टक्क.

नळीफुंकणी | १८ मे

मग सोपं आहे की. दांडी हँडलला तारेने बांधून टाका, कटकटच नको!

इंजिनबाबा | १८ मे

नळीफुंकणी, तुम्ही चेतकच्या धाग्यावर जा.

ताई, दांडी कधीही बांधायची नाही. खाली पातं फिरत असताना पाय घसरला तर तीच दांडी पाय वाचवते. माझ्या गिऱ्हाइकांत तीन बोटांचे लोक आहेत, त्यातला एकही 'मला माहीत नव्हतं' म्हणत नाही. प्लगची टोपी काढा, दांडी धरा आणि दुसऱ्या कुणाला हँडल खालीवर करायला सांगा. तुम्ही पत्तीकडे बघा.

अंगणातली | २४ मे, दुपारी ३.५०

आज केलं. टोपी काढली, दांडी मी धरली, नवऱ्याला हँडल दाबायला सांगितलं. मुलगा टॉर्च घेऊन पत्तीसमोर बसला. हँडल खाली गेलं की पत्ती तांदळाच्या दाण्याएवढी मागे सरकायची आणि वायरीच्या टोकाला टेकायची. मुलानेच ओरडून सांगितलं, 'आई, किस करतेय!'

मूळ कारण मीच. थंडीत जागा वाचावी म्हणून हँडल घडी घालून ठेवलं होतं. तेव्हा केबलला पीळ पडला, बाहेरचं प्लास्टिक एका जागी मुडपलं. वसंतात हँडल उघडलं, पण खालच्या दोन फिरक्या हातानेच आवळल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. म्हणजे हँडल जरा वाकलं की केबल आपोआप ढिली. जुन्या पेट्रोलचं पाप निराळं आणि हे निराळं, पण दोन्ही एकाच दिवशी केलेली. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी घाईत आवरलं होतं, दिवाळीला पाहुणे यायचे होते.

नवी केबल बसवली. फिरक्या पान्याने आवळल्या. मेपलच्या मुळांवरून मुद्दाम चार वेळा नेलं, हँडल दाबून, आपटून. बंद पडलं नाही. सगळं आवार एका दमात, पंचेचाळीस मिनिटांत कापलं. शेवटच्या पट्ट्याला पलीकडचे आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. बोलले नाहीत काही. कानाला हात लावून नुसते ऐकत होते. मी दांडी सोडल्यावर त्यांनी बोटं मोजत 'वन, टू' म्हटलं, आणि पातं थांबलं.

काजूबागवाला | २४ मे

वा! आता ऑक्टोबरात टाकी रिकामी करून, सुरू करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मग ठेवायचं.

अंगणातली | २४ मे

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. घडी घालायची तर केबल बाहेरून मोकळी सोडून, हेही.

बॅटरी_हाच_धर्म | २४ मे

अभिनंदन ताई. प्रामाणिकपणे विचारतो, माझ्या बॅटरीच्या मोअरचा चार्जर तीन दिवसांपासून लाल दिवा दाखवतोय. कुणाला काही माहीत आहे का?

टपरीवरचा | २४ मे

चहा मागवलाय. बसा सगळे.

दिवा_गेला | २५ मे, सकाळी ६.५५

धागा छान. माझाही पेट्रोल जनरेटर लोडवर घेतला की पाच मिनिटांत बंद पडतो. काय असेल?

इंजिनबाबा | २५ मे, सकाळी ७.१०

पेट्रोल कधीचं आहे?

दिवा_गेला | २५ मे, सकाळी ७.१२

मागच्या गणपतीचं.

इंजिनबाबा | २५ मे, सकाळी ७.१३

नवा धागा काढा. बरणीही घेऊन या.